फोटो हलला, पण नेमके हलले कोण?

वाचकाचा प्रश्न

निवृत्तीनंतर हौसेने छायाचित्रण सुरू केलेल्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे पूर्ण आकारापेक्षा लहान सेन्सरचा) २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर कॅमेरा आहे. त्यासोबत १८–५५ मिमीची लेन्स मिळाली होती. पुढे त्यांनी ५५–२५० मिमीची झूम लेन्स आणि ५० मिमी एफ/१.८ अशा आणखी दोन लेन्स घेतल्या (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). दोन वर्षे झाली, तरी निम्म्याहून अधिक फोटो अस्पष्ट येतात. घरची मंडळी ‘तुमचा फोटो हलतो’ असे म्हणतात, आणि मुलाच्या फोनमधले फोटो मात्र लख्ख दिसतात. वयामुळे आपला हात थरथरत असावा, अशी त्यांची समजूत झाली आहे. एका परिचितांच्या मते सगळा दोष स्वस्त लेन्सचा आहे. दुसऱ्या एकांनी ‘आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० च्या वर नेऊ नका, फोटो खराब होतो’ असे बजावले आहे. नमुन्यादाखल चार फोटो पाठवून त्यांनी विचारले आहे की, नवा कॅमेरा आणि महागडी लेन्स घ्यावी, की हा नाद सोडून फोनवरच समाधान मानावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुम्ही चारही फोटो मूळ स्वरूपात, काहीही न बदलता पाठवलेत, याबद्दल आधी तुमचे आभार मानते. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा आपली नोंद लिहून ठेवतो: शटर किती वेळ उघडे होते, लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) किती उघडे होते, आयएसओ किती होता, झूम कुठे होता. त्या नोंदी आणि फोटो शेजारी शेजारी ठेवून मी दोन संध्याकाळी ते पाहिले. आपल्या हातांविषयी तुम्ही जो निकाल देऊन बसला आहात, तो मला मान्य करता येत नाही. चारपैकी तीन फोटोंत तुमच्या हातांचा काहीही दोष नाही.

अस्पष्ट फोटोला सरसकट ‘हललेला’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. शब्द सोयीचा आहे, पण त्यात कर्ता लपून राहतो. फोटो हलला म्हणजे हलले कोण? कॅमेरा हलला, समोरचे माणूस हलले, की कोणीच हलले नाही आणि लेन्सने भलतीकडेच नजर रोखली? या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर गुण येत नाहीच, कधी कधी दुखणे वाढते. परिचितांनी सुचवलेली महागडी लेन्स ही दुखण्याचे नाव न विचारता लिहून दिलेली चिठ्ठी आहे. म्हणून खरेदीचा विषय थोडा बाजूला ठेवू आणि आधी फोटो वाचायला शिकू. हे शिकायला मोजून पंधरा मिनिटे लागतात आणि पुढे आयुष्यभर उपयोगी पडते.

फोटो संगणकावर उघडून १०० टक्के आकारात पाहा, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर येईल. मग तीन प्रश्न विचारा. चौकटीत कुठे तरी, कोणतीही एक गोष्ट रेखीव आहे का? जे अस्पष्ट आहे ते एका दिशेने फरफटल्यासारखे दिसते, की सगळीकडून सारखेच मऊ झाले आहे? आणि ही मऊपणाची छटा संपूर्ण चौकटीवर आहे, की काही भागावरच? या तीन उत्तरांवरून बहुतेक वेळा कारण सापडते. तुमचे फोटो घेऊनच ते पाहू.

पहिला फोटो तुमच्या नातीचा आहे. संध्याकाळची वेळ, घरातला उजेड, ती खोलीच्या एका टोकाकडून दुसरीकडे धावते आहे. तिचा चेहरा ओळखू येत नाही इतका पुसट आहे. पण तिच्या मागच्या कपाटावरच्या पुस्तकांची नावे मला वाचता आली. कृपया हा फोटो पुन्हा उघडा आणि त्या पुस्तकांकडे पाहा. तुमचा हात थरथरला असता, तर ती नावेसुद्धा पुसली गेली असती. कॅमेरा स्थिर होता, फोकसही फारसा चुकला नव्हता; हलली ती नात, आणि तिने हलायचेच होते.

नोंद सांगते की शटर १/३० सेकंद उघडे होते. धावणारे लहान मूल सेकंदाला २ मीटर जाते असे धरले, तर तेवढ्या वेळात ते जवळजवळ ७ सेंटिमीटर पुढे सरकते. नातीच्या ठिकाणी तुमच्या चौकटीची रुंदी अंदाजे ३ मीटर असावी, आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या फोटोची रुंदी असते ६००० पिक्सेल; म्हणजे तिचा चेहरा १३० पिक्सेलांहून अधिक अंतरावर सारवला गेला. तोच फोटो १/५०० सेकंदात घेतला असता, तर ती ४ मिलिमीटर, म्हणजे ८ पिक्सेल सरकली असती, आणि ते सहसा जाणवतही नाही. लेन्स कितीही किमती असती, तरी १/३० सेकंदात नात ७ सेंटिमीटरच धावली असती.

हा प्रश्न छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३८ साली छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या दागेर यांनी पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचे चित्र उंच खिडकीतून घेतले. रस्त्यावर वर्दळ होती, पण त्या काळी प्रकाशसंवेदी पट्टीवर प्रकाश काही मिनिटे पडू द्यावा लागत असल्याने चालणारी माणसे आणि गाड्या चित्रात उमटल्याच नाहीत. दिसतो तो बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक माणूस. तुमची नात आणि त्या रस्त्यावरून चालत गेलेली माणसे एकाच कारणाने पुसली गेली. फरक फक्त वेळेच्या लांबीचा.

मग तुमच्या कॅमेऱ्याने १/३० सेकंद का निवडला? कारण तुम्ही आयएसओला ४०० ची मर्यादा घालून ठेवली होती. उजेड कमी, लेन्सचे छिद्र त्या झूमवर जास्तीत जास्त एफ/५ इतकेच उघडणारे, आयएसओ बांधलेला. अशा वेळी कॅमेऱ्याच्या हातात शटर अधिक वेळ उघडे ठेवण्याखेरीज काही उरत नाही. ज्यांनी तुम्हाला तो सल्ला दिला त्यांचा हेतू चांगला होता आणि त्यात तथ्यही आहे; आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात, रंग थोडे मलूल होतात. परंतु दाणेदार फोटोतला चेहरा ओळखता येतो, पुसलेला चेहरा कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. आजची सॉफ्टवेअर दाणे बऱ्याच प्रमाणात कमी करतात, आणि छापलेल्या फोटोत ते पडद्यावरच्यापेक्षा पुष्कळ कमी दिसतात. आयएसओ ४०० वरून ३२०० वर नेला की फोटोचा उजळपणा तीन पायऱ्या वाढतो (एक पायरी म्हणजे दुप्पट), आणि १/३० सेकंदाच्या जागी १/२५० सेकंद मिळतो. मला विचाराल तर तुमच्या निम्म्या तक्रारीचे मूळ त्या एका मर्यादेत आहे, आणि ती आजच काढून टाकावी, असे मी आग्रहाने सांगते.

यासाठी दर वेळी आकडेमोड करण्याची गरज नाही. कॅमेऱ्याच्या मेन्यूमध्ये ऑटो आयएसओ असतो. त्यात कमाल मर्यादा ६४०० ठेवा. मग वरची तबकडी शटर प्राधान्याच्या मोडवर, म्हणजे एस किंवा टीव्ही या अक्षरावर आणा आणि वेग तुम्ही ठरवा. गप्पा मारत बसलेल्या माणसांना १/१२५ पुरतो, चालणाऱ्यांना १/२५०, धावणाऱ्या मुलांना १/५०० आणि उडत्या पक्ष्यांना १/१६०० किंवा त्याहून अधिक. हे आकडे सुरुवातीचे आहेत. चौकट आडवी कापत जाणारी गोष्ट जास्त सारवली जाते, तुमच्याकडे सरळ चालत येणारी कमी. जवळची जास्त, लांबची कमी. एक गोष्ट मात्र उपकरणांच्या पुस्तिकांत सहसा लिहिलेली नसते: हालचालीतही विसाव्याचे क्षण असतात. झोका टोकाला पोहोचून परतण्याआधी क्षणभर थांबतो, उडी मारलेले मूल सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर तरंगते, हसणारा माणूस हसू ओसरताना श्वास घेतो. तो क्षण ओळखून बटण दाबले, तर १/१२५ सुद्धा पुष्कळदा पुरतो. तुम्ही नातीला रोज पाहता, त्यामुळे तिचे हे क्षण कोणत्याही व्यावसायिक छायाचित्रकारापेक्षा तुम्हाला आधी कळतील.

दुसरा फोटो रंगमंचावरच्या कार्यक्रमाचा, लांबून घेतलेला. येथे मात्र कॅमेराच हलला आहे, आणि तो कसा हलला हेही फोटो सांगतो. मंचाच्या मागच्या लहान दिव्यांकडे पाहा. प्रत्येक दिव्याचा ठिपका लांबट झाला आहे, आणि सगळे ठिपके एकाच दिशेला, किंचित तिरके लांबले आहेत. स्थिर वस्तूंसकट सगळेच एका दिशेने फरफटले, म्हणजे हालचाल कॅमेऱ्याची. ती अशी तिरकी असते तेव्हा मला पहिला संशय येतो तो बटण खटकन दाबण्याचा, कारण उजव्या तर्जनीच्या दाबाने कॅमेऱ्याची उजवी बाजू खाली जाते.

आता हातांविषयी. प्रत्येक निरोगी माणसाच्या हातात सेकंदाला साधारण ८ ते १२ कंप इतका सूक्ष्म थरथराट असतोच. तो तरुणांतही असतो. कॅमेरा तो किती मोठा करून दाखवतो, हे लेन्सच्या फोकल लांबीवर, म्हणजे तिच्या मिमीतल्या आकड्यावर अवलंबून असते. जुना ठोकताळा असा की शटरचा वेग निदान १ भागिले फोकल लांबी इतक्या सेकंदाचा असावा, आणि क्रॉप सेन्सर असेल तर लांबीला दीडने गुणावे. तुम्ही २५० मिमीवर होता. दीडपट केली की ३७५, म्हणजे वेग १/४०० च्या आसपास हवा. तुमची नोंद सांगते १/४०. दहापट वेळ शटर उघडे ठेवून २५० मिमीच्या लेन्सने हातात धरून रेखीव फोटो काढणे पंचविशीतल्या माणसालाही सहज जमणार नाही. म्हणून वयाला दोष देणे सोडा.

‘लेन्समध्ये स्थिरीकरण आहे, मग ते काय करत होते?’ असे तुम्ही विचाराल. एसएलआर कॅमेऱ्याच्या अदलाबदल करता येणाऱ्या लेन्समध्ये ही सोय पहिल्यांदा आली ती १९९५ साली, कॅननच्या ७५–३०० मिमी लेन्समध्ये. कॅमेऱ्याचे डोलणे ओळखून लेन्सच्या आतला एक भिंगगट उलट दिशेने सरकतो आणि प्रतिमा जागच्या जागी ठेवतो. ही सोय खरोखर मोलाची आहे, आणि तुमच्या फोटोत तिने तिच्या शक्तीप्रमाणे कामही केले असणार. परंतु तिला मर्यादा आहेत. प्रत्यक्ष वापरात ती बहुधा दोन-तीन पायऱ्या सांभाळून घेते, सव्वातीन पायऱ्यांची उणीव आणि वर बटणाचा धक्का तिच्या आवाक्याबाहेर जातो. आणि मंचावरच्या नर्तिकेला ती थांबवू शकत नाही, कारण ती फक्त कॅमेऱ्याची हालचाल ओळखते. स्थिरीकरणाचा नवा कॅमेरा घेऊन नातीचे फोटो रेखीव येतील ही अपेक्षा म्हणूनच मोडते. येथेही आयएसओ ३२०० केला असता, तर १/४० चे १/३२० झाले असते आणि दोन्ही प्रश्न बहुतांशी मिटले असते.

कॅमेरा धरण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण यात सुधारणेला जागा आहे आणि खर्च काहीच नाही. डावा तळवा लेन्सच्या खाली, भांडे तोलून धरल्यासारखा ठेवा. पुष्कळ जण कॅमेरा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि सगळे वजन बोटांवर येते. कोपरे बरगड्यांना टेकू द्या. मागच्या पडद्याकडे पाहत हात लांब करून फोटो घेण्यापेक्षा डोळा व्ह्यूफाइंडरला लावा, म्हणजे कपाळ हा तिसरा आधार मिळतो. भिंत, खांब, खुर्चीची पाठ यांपैकी जे मिळेल त्याला टेका. श्वास अर्धा सोडून थांबा, आणि बटण बोटाच्या मऊ भागाने, पिळून काढल्यासारखे हळू दाबा. सलग फोटोंची सोय चालू करून तीन फोटो एका दमात घ्या. पहिल्यात बोट दाबण्याचा धक्का असतो, शेवटच्यात सोडण्याचा. मधला बहुधा सर्वांत स्थिर येतो.

आपल्या हाताची खरी मर्यादा किती, हे कोणाला विचारू नका, मोजा. दिवसा भिंतीवर छापील मजकुराचा एक कागद चिकटवा. झूम लेन्स १०० मिमीवर ठेवून १/२०० वर दहा फोटो घ्या, मग १/१००, १/५०, १/२५ वर प्रत्येकी दहा. संगणकावर पाहून किती फोटोंत अक्षरे स्वच्छ वाचता येतात ते वहीत लिहा. जिथे दहापैकी आठ फोटो चांगले येतात, तो तुमचा हातातला सुरक्षित वेग. स्थिरीकरण बंद करून हीच मोजणी पुन्हा करा, म्हणजे ते तुम्हाला किती साथ देते हेही कळेल. या आकड्यांवर विसंबून तुम्ही जो निर्णय घ्याल, तो कोणाच्याही मतापेक्षा खात्रीचा असेल.

तिसऱ्या फोटोने मला सर्वांत जास्त थांबवून ठेवले, कारण तो फार सुंदर आहे. तुमच्या भगिनी खिडकीजवळ बसल्या आहेत, चेहऱ्यावर एका बाजूने उजेड आहे. शटर १/२०० आहे, कोणीही हललेले नाही. डोळे मात्र मऊ आहेत, आणि कानातली रिंग इतकी लख्ख आहे की तिच्यावरची नक्षी मोजता यावी. चौकटीत एक भाग उत्तम रेखीव आहे आणि तो नको तिथे आहे, म्हणजे फोकसचे प्रतल (ज्या अंतरावर सगळे रेखीव येते ती सपाट पातळी) जागेवरून सरकले.

५० मिमीची लेन्स एफ/१.८ वर पूर्ण उघडी असताना आणि माणूस १ मीटरवर असताना तुमच्या सेन्सरवर रेखीव दिसणाऱ्या भागाची एकूण खोली सुमारे ३ सेंटिमीटर असते. डोळ्यापासून कानापर्यंतचे अंतर त्याहून अधिक आहे. तुम्ही लिहिले आहे की तुम्ही चौकटीच्या मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस घेता, तो धरून ठेवता आणि मग कॅमेरा वळवून चौकट जुळवता. लांबच्या विषयांसाठी ही रीत चांगली आहे, पण इतक्या जवळून ती दगा देते. कॅमेरा १० अंश वळवला की फोकसचे प्रतलही त्याच्यासोबत वळते आणि डोळ्याच्या सुमारे दीड सेंटिमीटर मागे जाऊन पडते. त्यात तुमचे शरीर किंवा समोरचे माणूस एक सेंटिमीटर पुढे-मागे झाले, की रेखीवपणा कानावर गेलाच. यावर उपाय असा की फोकसचा बिंदूच बटणाने सरकवून थेट डोळ्यावर आणावा, म्हणजे वळवण्याची वेळ येत नाही. अनेक बिंदूंतून कॅमेऱ्याला निवड करू देऊ नका. त्याला डोळा महत्त्वाचा वाटेल याची तुमच्या डीएसएलआरमध्ये हमी नाही. ॲपर्चर एफ/२.८ किंवा एफ/४ करा. एफ/४ वर तीच खोली ६ सेंटिमीटरांच्या पुढे जाते आणि पार्श्वभूमी तरीही पुरेशी विरघळते. बसलेल्या माणसासाठी एकदा फोकस घेऊन थांबणारा प्रकार ठीक आहे, पण नातीसाठी सतत पाठलाग करणारा फोकस निवडा, नाही तर तो घेतल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात ती पुढे निघून गेलेली असेल.

येथे चश्म्याचाही प्रश्न आहे. व्ह्यूफाइंडरमधून सगळेच धूसर दिसते, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी डायॉप्टरचे छोटे चाक असते. समोरच्या दृश्याकडे लक्ष न देता आतले आकडे आणि रेषा स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा. त्याने फोटोतला फोकस बदलत नाही, पण तो चुकल्याचे तुम्हाला वेळेवर दिसू लागते. आणि एकाच लेन्सने फोकस नेहमी एकाच बाजूला, म्हणजे सतत मागे किंवा सतत पुढे पडत असेल, तर लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दृश्य दाखवणारी सोय) चालू करून तोच फोटो घेऊन पाहा. लाइव्ह व्ह्यूमध्ये रेखीव आणि व्ह्यूफाइंडरमधून मऊ आला, तर कॅमेऱ्याच्या फोकस यंत्रणेची जुळणी करून घ्यावी लागेल. तुमच्या एका फोटोवरून तसा निष्कर्ष मी काढणार नाही.

चौथा फोटो ट्रायपॉडवरून घेतलेला डोंगराचा. जवळचे गवतही हवे आणि दूरचे शिखरही हवे म्हणून तुम्ही एफ/२२ निवडलेत. विचार बरोबर होता, मात्रा जास्त झाली. छिद्र फार बारीक केले की त्याच्या कडांवरून प्रकाश पसरतो, आणि एका बिंदूचा सेन्सरवर उमटणारा ठिपका मोठा होतो. एफ/२२ वर तो तुमच्या सेन्सरच्या सुमारे साडेसात पिक्सेलांएवढा रुंद असतो, एफ/८ वर जेमतेम तीन. म्हणून संपूर्ण चौकट, गवतापासून शिखरापर्यंत, सारखीच किंचित मऊ झाली आहे. कुठेही फरफट नाही. ही विवर्तनाची खूण आहे, आणि जगातली सर्वांत महाग लेन्ससुद्धा तिच्यातून सुटत नाही. १८ मिमीवर एफ/८ ठेवून सुमारे २ मीटरवर फोकस केला, तर १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. शिखरावर दुपारच्या तापलेल्या हवेचा थरथराट किंवा धुरकटपणा असेल, तर मात्र कोणतेही ॲपर्चर उपयोगी पडत नाही. पहाटे परत जावे लागते. ट्रायपॉडवर स्थिरीकरण बंद करा, कारण काही लेन्स न झालेली हालचाल शोधू लागतात. मधला दांडा खाली ठेवा, आणि बटण न दाबता दोन सेकंदांचा टायमर वापरा.

आता फोनविषयी. मुलाच्या फोनमधले फोटो लख्ख दिसतात हे खरे आहे, आणि त्याची कारणे समजली की तुमची खंत कमी होईल. फोनचा सेन्सर छोटा, लेन्सची फोकल लांबी काही मिलिमीटरच. त्यामुळे जवळपासचे सगळेच फोकसमध्ये असते. कमी उजेडात तो अनेक फोटो पटापट घेऊन जोडतो आणि वर कडा ठळक करून देतो. शिवाय ते फोटो तुम्ही तळहाताएवढ्या पडद्यावर पाहता. तुमचे फोटो तुम्ही १०० टक्क्यांवर तपासता. साधारण संगणकाच्या पडद्यावर इंचाला ९६ पिक्सेल धरले, तर ६००० पिक्सेलांचा फोटो तिथे ६२ इंच रुंद होतो. पाच फूट रुंद चित्राला नाक लावून पाहिल्यावर कोणता फोटो मऊ दिसणार नाही? दोष शोधताना तेवढे मोठे करून पाहा, पण फोटो ठेवायचा की पुसायचा हे तो ज्या आकारात पाहिला किंवा छापला जाणार आहे त्या आकारात ठरवा.

सॉफ्टवेअरमधल्या शार्पनिंगबद्दलही तुम्ही विचारले आहे. त्यातले ‘अनशार्प मास्क’ हे विचित्र नाव जुन्या डार्करूममधून आले आहे. तिथे निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत तिच्यावर ठेवून छपाई करत आणि कडा उठावदार होत. आजही ते तेच करते: कडेच्या एका बाजूला गडद, दुसरीला उजळ करते. थोडे मऊ फोटो त्याने खुलतात, पण जो तपशील सेन्सरवर पोहोचलाच नाही तो त्यातून जन्माला येत नाही. फोटो हव्या त्या आकाराचा करून झाल्यावर, अगदी शेवटी, थोडेच वापरा. आणि या सगळ्याच्या आधी लेन्सची पुढची काच उजेडाकडे तिरकी धरून पाहा. बोटाचा एक तेलकट ठसा किंवा हलक्या प्रतीचा संरक्षक फिल्टर सगळ्या फोटोंवर पडदा ओढू शकतो. थंड खोलीतून दमट हवेत कॅमेरा नेला तर काचेवर दव धरते; दहा-पंधरा मिनिटे पिशवीतच राहू द्या.

राहिला खरेदीचा प्रश्न. पुढचे तीन महिने काहीही विकत घेऊ नये, असे मी सुचवते. त्या काळात जे फोटो फसतील त्यांच्यासमोर वहीत एकच कारण लिहा: नात हलली, हात हलला, फोकस चुकला, छिद्र फार लहान, किंवा उजेड अपुरा. तीन महिन्यांनी बहुसंख्य नोंदी ‘उजेड अपुरा, आयएसओ ६४०० वरही वेग मिळाला नाही’ अशा निघाल्या, तर एफ/२.८ ची झूम लेन्स विचारात घ्या. लांबच्या झूमवर ती तुमच्या आताच्या लेन्सपेक्षा दोन पायऱ्या अधिक प्रकाश देईल. नोंदी ‘हात हलला’ अशा असतील, तर आयएसओची मर्यादा काढल्यानंतर बहुधा एक बरा ट्रायपॉड पुरेल. ‘फोकस चुकला’ असे दिसले, तर डोळा ओळखून त्याचा पाठलाग करणारा नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा खरोखर उपयोगी ठरेल, आणि तो खर्च मी वाया गेला असे म्हणणार नाही. तुमच्यासारखा प्रश्न असलेल्या इतर वाचकांनाही माझे हेच सांगणे आहे; वही आधी, दुकान नंतर.

फोनकडे वळायचे की नाही हा तुमच्या आवडीचा प्रश्न आहे, आणि फोनने काढलेला फोटो कमी प्रतीचा असतो असे मी मानत नाही. परंतु भगिनींच्या फोटोत खिडकीचा उजेड तुम्ही ज्या रीतीने पाहिलात, ते पाहणे तुमच्याकडे आधीपासून आहे. केवळ दीड सेंटिमीटरच्या चुकीसाठी तुम्ही हा नाद सोडावा, हे मला मनापासून पटत नाही.

येत्या रविवारी एवढे करून पाहा. ५० मिमीची लेन्स लावा, एफ/२.८, शटर १/५००, आयएसओ ऑटो, पाठलाग करणारा फोकस, बिंदू एकच. दिवसा नातीला खिडकीजवळ खेळू द्या, तुम्ही भिंतीला टेकून बसा आणि तीसेक फोटो घ्या. त्यातले दहा जरी रेखीव आले, तरी पहिल्या प्रयत्नासाठी ते उत्तम समजा. आणि ती लेन्स, परिचित काहीही म्हणोत, विकू नका, एफ/२.८ वर ती तुमच्या कॅमेऱ्यासोबत आलेल्या झूमपेक्षा त्याच उजेडात जवळजवळ दोन पायऱ्या अधिक प्रकाश आत घेते.